डॉल्फिनवर जळणारा माणूस

मला पावसाळा आवडतो. का आवडतो हे सांगितलं की लोक हसतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. पाणी खवळलेलं असतं, लहान बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि बोटी नाहीत म्हणजे माझी बायको घरी असते. आमचं घर छत्रपती संभाजीनगरात आहे. इथून समुद्र इतका लांब आहे की शेजारच्या काकूंनी तो फक्त टीव्हीवर पाहिलाय. तरी इतकी वर्षं माझं डोकं त्या समुद्रानंच खाल्लं.

माझी बायको डॉल्फिनचा अभ्यास करते. वाळूजच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांचे हात डब्यातच थांबले. मग एकजण म्हणाला, "आपल्याकडं कुठं आलेत डॉल्फिन? खाम नदीत सोडलेत का काय?" तेव्हापासून मला कारखान्यात 'डॉल्फिनचे जावई' म्हणतात. मीही हसतो. आत काय होतं ते मला ठाऊक.

ती मूळची इथल्याच शहागंजातली. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, दुकानाच्या वर घर. त्या घरात पाणी म्हणजे खालच्या नळावरून जिन्यानं चढवलेल्या कळश्या. कॉलेजच्या सहलीत तिनं पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि परत आल्यावर घरी सांगून टाकलं की मी याच्यातच शिकणार. तिचे वडील म्हणाले, "बेटा, समुद्र में क्या रखा है, दुकान पे बैठ." ती बसली नाही. पुढं कोकणात जाऊन शिकली, परत आली, माझ्याशी लग्न केलं. मला वाटलं, समुद्राचं झालं ते झालं, आता आपला नंबर. कशाचं काय! समुद्र लग्नाच्या वऱ्हाडासोबत घरात आला आणि बाकीच्या पाहुण्यांसारखा परत गेलाच नाही.

तिचं काम मी आधी समजूनच घेतलं नव्हतं. मला वाटायचं, डॉल्फिन बघायचे, फोटो काढायचे, संपलं. तसं नाही. डॉल्फिन समुद्रात कुठं राहतात आणि तिथंच का राहतात, हा तिचा प्रश्न. मी एकदा म्हणालो, "एवढा मोकळा समुद्र पडलाय. राहतील की कुठंबी." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कारखान्यात गंजलेला पीस पास करणाऱ्या पोराकडं बघतो. मग समजावलं. पाठीवर कुबड असलेला एक डॉल्फिन असतो, तो किनाऱ्याला धरून राहतो. त्याला उथळ पाणी लागतं, खाडीच्या तोंडाशी असतं तसं गढूळ, कारण नदी गाळ आणते, गाळामागं मासे येतात आणि माशांमागं हा. दुसरा एक सडपातळ असतो, हवेत उडी मारून गिरक्या घेणारा. त्याला किनारा नको, त्याला खोल आणि नितळ पाणी पाहिजे. पाणी थोडं तापलं, मीठ थोडं कमी-जास्त झालं, की मासे सरकतात. मासे सरकले की हेही निघाले. उपग्रहावरून पाणी किती गरम आहे, त्यात शेवाळाचा हिरवेपणा किती आहे ते कळतं. बोटीवरून मोजलेलं त्याच्याशी जुळवायचं आणि मग नकाशा करायचा. नकाशावर चौकोन चौकोन. जिथं डॉल्फिन सापडण्याचा संभव जास्त, तो चौकोन लाल. कमी असेल तर पिवळा. माहिती नसेल तर पांढरा.

"त्यांचं घर म्हणजे जागा नसते," ती म्हणाली. "परिस्थिती असते. परिस्थिती हलली की घर हललं."

हे ती डॉल्फिनबद्दल बोलत होती. पण मी ते लगेच आमच्या घराला लावून बघितलं. आमच्या घराची परिस्थिती मला माहीत होती. उन्हाळ्यात गच्चीवरचा पत्रा तापतो, कूलरला घालायला पाणी नसतं, महापालिकेचं पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि नवरा पाळीवरून येतो तो अंगाला ऑइलचा वास घेऊन. अशा ठिकाणी कोण राहील?

पावसाळा सोडला तर महिन्यातून एकदा ती कोकणात जायची, आठवडाभर राहायची. उरलेले दिवस घरूनच काम, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. तिथंच तो नकाशा उघडलेला असायचा. कधीकधी एखादा चौकोन पिवळ्याचा लाल व्हायचा आणि तिचा चेहरा उजळायचा. मी समोर पोहे खात बसलेला असायचो. माझ्याकडं बघून तिचा चेहरा असा उजळल्याचं मला आठवत नव्हतं. डॉल्फिनचा मत्सर करणारा मराठवाड्यातला मी पहिलाच माणूस असेन, पण करत होतो हे खरं.

डॉल्फिन एकवेळ परवडले. बोटीवर तिच्यासोबत काम करणारा एक माणूस होता. त्याचं नाव मी घरात कधी घेतलं नाही, मी त्याला 'दुर्बिणवाला' म्हणायचो. तो तिला बोटीवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. लाटांचा आवाज, इंजिनाचा आवाज आणि मधेच एक 'फूस'. डॉल्फिन वर येऊन श्वास सोडतो तो आवाज म्हणे. ती इअरफोन लावून ऐकायची आणि हसायची. मी विचारलं, "काय म्हणतोय?" तर म्हणायची, "काही नाही, श्वास घेतोय." आता परक्या माणसानं पाठवलेला श्वास आपली बायको कानात घालून ऐकतेय, यावर नवऱ्यानं काय करायचं ते कुणी सांगावं.

मग मी बघायला लागलो. तिकडून फोन आला की ती कशी हसते ते बघायचो. बॅग भरताना गुणगुणते ते बघायचो. परत यायची तेव्हा नाक सोललेलं, केस मिठानं राठ झालेले, आणि भूक अशी की माझी आई भाकऱ्या थापून दमायची. तेही बघायचो. माझ्या डोक्यात माझाही एक नकाशा तयार झाला. कोकणची बाजू सगळी लाल आणि संभाजीनगर पांढरं फटक. क्वालिटीत काम करतो मी, खराब माल वेगळा काढायचं, नजर तयार आहे माझी. एवढा पुरावा असताना शंका कशाला घ्यायची?

आणि गेल्या पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, म्हणजे माझ्या हक्काच्या दिवसांत, तिनं चहा घेता घेता सांगितलं. तिकडं बंदरावर कायमची जागा निघाली होती आणि ती तिला देत होते. बोटी सुरू झाल्या की बंद होईपर्यंत तिथंच राहायचं. पावसाळ्यात घरी.

"तुझं काय म्हणणं आहे?" तिनं विचारलं. आईसमोर ती मला 'अहो' म्हणते. आई वर गच्चीवर होती.

"मला कशाला विचारती? तू तर गेल्यातच जमा आहेस."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"दुर्बिणवाल्याला विचारलंस का? तो काय म्हणतोय?"

तिनं कप खाली ठेवला. चिडली की तिच्या तोंडात शहागंज येतं. "अरे, क्या आदमी है तू! त्याचा काय संबंध?"

मी बराच वेळ बोललो. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आई गच्चीवरून खाली आली आणि आमची तोंडं बघून परत वर गेली. शेवटी बायको म्हणाली, "नारळी पौर्णिमा होऊ दे, पाणी शांत होऊ दे. एकदा माझ्याबरोबर बोटीवर ये. तुला काय बघायचंय ते बघ. मग नाही म्हणालास तर मी नाही जाणार."

मी लगेच हो म्हणालो. डॉल्फिन बघायला नाही, दुर्बिणवाला बघायला.

तो मला वाटला होता त्यापेक्षा देखणा निघाला. हे आधीच लिहून टाकतो. उंच, उन्हानं रापलेला, आणि बोटीत चालताना एकदाही कशाला धरायचा नाही. मी दोन्ही हातांनी कडेला धरून बसलो होतो. त्यानं मला लिंबू दिलं, हुंगा म्हणाला. त्या लिंबाचाही मला राग आला. थोड्या वेळानं मी कडेवरून वाकलो आणि सकाळचा नाश्ता अरबी समुद्राला अर्पण केला. बायको पाठीवरून हात फिरवेल असं वाटलं होतं. ती आली नाही. ती कामावर होती.

ते काम मी पहिल्यांदा बघत होतो. ती आणि तो एकमेकांकडं पाठ करून उभे. तिनं डावीकडचं पाणी बघायचं, त्यानं उजवीकडचं. बोलणं नाही, हसणं नाही, पाण्यावरची नजर काढायची नाही. ठरलेल्या अंतरावर बोट थांबायची. मग ती काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. थाळी दिसेनाशी होईल तिथं दोरीवर चिमूट धरायची, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. पाण्याचं तापमान घ्यायची, मीठ मोजायची. आणि मग मोठ्यानं म्हणायची, "काही नाही." तो म्हणायचा, "इकडंही काही नाही." आणि ते लिहिलं जायचं.

अख्खी सकाळ तेच. काही नाही. काही नाही. लिहिताना मात्र अशी काळजी की जणू सोनं तोलताहेत. मला राहवलं नाही.

"अगं, दिसलंच नाय तर लिवता कशाला?"

पाण्यावरची नजर न काढताच ती म्हणाली, "दिसले तेवढेच लिहिले तर तो नकाशा डॉल्फिनचा होत नाही. तो आमच्या बोटीचा होतो. आम्ही जिथं जिथं गेलो तिथं तिथं डॉल्फिन. जिथं गेलो नाही ती जागा कोरी, आणि कोरी जागा लोकांना रिकामी वाटते. बघून दिसलं नाही हे वेगळं आणि बघितलंच नाही हे वेगळं."

"मग पावसाळ्यात डॉल्फिन हितं असतात का नसतात?"

"छातीवर हात ठेवून कोण सांगणार? पावसाळ्यात इथं बघायला येतंय कोण?"

दुर्बिणवाला पहिल्यांदा हसला. मी त्याच्याकडं बघितलं तसा तो परत पाण्याकडं बघायला लागला.

परतताना खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला, चहात दूध पडावं तसा. तिथंच तो आवाज आला. फूस. एक करडी पाठ वर आली, वर कुबड, आणि शांतपणे खाली गेली. मग दुसरी. मला वाटलं होतं बायको ओरडेल, टाळ्या पिटेल. तिनं फक्त दिशा सांगितली, अंतर सांगितलं आणि लगेच थाळी पाण्यात सोडली. पण मी तिच्या बाजूलाच होतो. तिचा श्वास थांबला होता. ती पाठ पाण्याखाली जाईपर्यंत तिनं श्वास घेतला नाही. त्या घटकेला दुर्बिणवाला माझ्या डोक्यातून साफ उतरला. मला जळफळाट झाला तो त्या करड्या पाठीचा. माणसाशी भांडता येतं. ह्याच्याशी कसं भांडणार?

संध्याकाळी धक्क्यावर मी तिला ते बोलून दाखवलं.

"तू हितं खुश असतीस. घरी तू हसत नाहीस. मी बघितलंय."

"कधी बघितलंस?"

"नेहमीच बघतो."

"नेहमी नाही." ती दमली होती, म्हणून आवाज चढला नाही. "फोन आला की बघतोस. बॅग भरताना बघतोस. परत आले की बघतोस. मधले सगळे दिवस मी घरीच असते ना? तेव्हा कधी बघितलंस?"

मी खिशातलं लिंबू काढून हुंगलं.

"तू क्वालिटीत आहेस ना? तुझ्या हाताखालच्या माणसानं नुसती रिजेक्शनची ट्रॉली बघितली आणि म्हणाला, सगळा लॉट खराब आहे. काय करशील त्याचं?"

"तपासणीवरून काढून दुसऱ्या दिवशी लायनीवर पाठवीन."

"मग?" ती म्हणाली आणि चपला झटकून चालायला लागली.

घरी परत आल्यावर आम्ही त्या जागेबद्दल बोललो नाही. तिला उत्तर द्यायचं होतं, आणि मला त्याआधी. मी टाळत होतो. मग एका सकाळी, माझी दुपारची पाळी होती म्हणून मी अंथरुणातच होतो, तेव्हा आईची आरोळी आली, "पाणी आलं! पाणी आलं गं!" आमच्या गल्लीत या आरोळीला कुणीही झोपून राहत नाही. घराघरातून मोटारी सुरू होतात, पिंप सरकतात, नळ्या जोडल्या जातात. बायको पायात चप्पल न घालता गच्चीवर पळाली. मीही उठलो, पण जिन्यातच थांबलो. का थांबलो ते माहीत नाही. बहुतेक धक्क्यावरचं ते बोलणं लागलं होतं.

तिथून गच्ची दिसत होती. टाकीचं झाकण उघडलेलं होतं. माझ्या बायकोनं बाही वर सारून कोपरापर्यंत हात टाकीत घातला होता. डोळे मिटलेले.

"गार आहे, आई," तिनं जाहीर केलं. "आणि गढूळ."

"मंग येतील तुझे मासे," आई म्हणाली.

"मासे नाहीत हो ते, डॉल्फिन."

"तेच ते. लई लाड नको करू त्यांचे, आधी पिंप भर."

आणि आईनं, माझ्या आईनं, जिनं देवगाव रंगारीला विहिरीचं पाणी शेंदत लहानपण काढलं आणि जी घरात सांडलेल्या भांडंभर पाण्यासाठी तासभर बोलते, तिनं एक मग भरला आणि सुनेच्या डोक्यावर ओतला. दोघी हसायला लागल्या. बायको तर टाकीला धरून खालीच बसली. मी इतकी वर्षं जे हसणं कोकणात शोधत होतो ते माझ्याच डोक्यावर, पत्र्याच्या पलीकडं, चालू होतं.

ती अंघोळीला गेल्यावर मी आईला विचारलं, "ही अशी कधीपासून हसती?"

"नळ आला का दर खेपेला. आमचं ठरलेलंच हाये ते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलंस? पाणी येतं तवा तू वाळूजला. अन् घरी असला का तिच्या फोनकडं डोळे लावून बसतो. तिच्याकडं बघ की जरा, मेल्या."

मी मोठ्या मनाचा माणूस झालो असं समजू नका. मला पहिल्यांदा राग आला तो आईचा. माझ्या बायकोचं हसणं हिनं इतकी वर्षं एकटीनं वापरलं आणि मला पत्ता नाही! पण दुपारी पाळीवर निघताना मी बायकोला म्हणालो, "जा तू. हो म्हण त्यांना." ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "पावसाळ्यात ये म्हणजे झालं. मधी मी येत जाईन. लिंबू घेऊन." मग माझा डबा तिनं स्वतः गाडीला अडकवला.

ती गेली. घर मोठं झालं. मला वाटलं होतं, तिच्या माघारी मी जळून कोळसा होईन. थोडा झालोही. दुर्बिणवाला अजून डोक्यातून पुरता गेलेला नाही, हे त्यालाही माहीत असावं, कारण मी गेलो की तो बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

परवा माझी सुट्टी होती आणि नेमकं पाणी आलं. आई वर, मी वर. मोटार चालू. मी कोपरापर्यंत हात टाकीत घालून बघितला. आई म्हणाली, "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणून मी एक मग भरला आणि तिच्या डोक्यावर ओतला. आई ओरडली, मला दोन शिव्या घातल्या आणि मग जी हसत सुटली ती थांबेना. तेवढ्यात फोन वाजला. बायको धक्क्यावरून बोलत होती. मागं लाटांचा आवाज येत होता.

"आज दिसले, खाडीशी," ती म्हणाली. आणि मग थांबली. "आई हसताहेत का? पाणी आलंय?"

"आलंय."

"तू काय केलंस?"

"मगभर पाणी ओतलं आईच्या डोक्यावर."

मला वाटलं फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, बारीक आणि कडक.

"ते आमचं होतं. तू कशाला केलंस? ते माझं आणि आईंचं होतं."

हा सूर मला पाठ आहे. इतकी वर्षं तो माझ्याच तोंडून निघत होता. तिकडं, डॉल्फिन असलेल्या समुद्राच्या काठावर उभी राहून, माझी बायको आमच्या पाण्याच्या टाकीवर जळत होती.